जुन्या गाडीला मागे डिस्क ब्रेक बसवायचे, अख्खा ॲक्सल बदलायचा, की आहेत ते ड्रम ब्रेकच नीट करायचे?

जुन्या गाडीचा मालक मागच्या डिस्कची (दोन बाजूंनी पॅड दाबून थांबवायच्या चकतीची) चौकशी करायला लागला की मी आधी एकच विचारतो: गाडी थांबत नाहीये, की रिमच्या फटीतून दिसणारा ड्रम (आतून शू नावाचे वक्र तुकडे दाबून थांबवायचा तो डबा) डोळ्यांत खुपतोय? दुसरं कारण असलं तरी माझी हरकत नाही, पण मग खर्च ब्रेकसाठी केला असं म्हणू नये. आणि ब्रेक बदलणं नि ॲक्सल (मागची दोन चाकं फिरवणारा अख्खा जोड) बदलणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. एकाच जॅकवर गाडी चढवून दोन्ही होतात, म्हणून लोक ते एकत्र धरतात आणि तिथेच घोळ होतो.

आधी मागचे ब्रेक मुळात करतात किती, ते बघा. व्हीलबेस अडीच मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेंटीमीटर वर, वजन पुढेमागे निम्मंनिम्मं अशी गाडी धरा. कोरड्या रस्त्यावर 0.8 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 0.8 पट) इतका जोराचा ब्रेक मारला तर जवळपास साडेसतरा टक्के वजन पुढच्या चाकांवर जातं आणि मागे उरतं 32 टक्के. म्हणजे मागे कितीही मोठी डिस्क लावली तरी तिच्या वाट्याला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काम येत नाही. ओल्या रस्त्यावर टायरची पकड 0.4 जीलाच सुटत असेल तर मागे 41 टक्के राहतात. मागच्या ब्रेकची खरी गरज पावसात, आणि नेमकं तेव्हाच ड्रममध्ये पाणी शिरलेलं असतं. डिस्कच्या बाजूने मला पटणारा हा सगळ्यात भक्कम मुद्दा.

तरीही पहिली वाट ड्रमचीच. बहुतेक ‘ब्रेक लागत नाही’ गाड्यांमध्ये दोष ड्रम या कल्पनेचा नसतो. हाफशाफ्टच्या (मधल्या गिअरपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या) सीलमधून गिअर ऑइल झिरपून शूवरचे लायनर भिजलेले असतात, एका बाजूचा व्हील सिलिंडर (शू ढकलणारा) जाम असतो, ॲडजस्टर गंजून बसलेला असतो, किंवा ॲक्सलवर उतरणारा रबरी होज आतून फुगून बंद झालेला असतो. हा होज बाहेरून अगदी नवा दिसतो, म्हणून शेवटी सापडतो. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा असेल तर तो बघा. त्यापलीकडे झिजलेला ड्रम खरादवर घासून उपयोग नाही. हे सगळं नवं करून शू नीट जवळ आणले की पेडल वर येतं आणि हँडब्रेक धरतो. फिरत्या ड्रमबरोबर पुढचा शू स्वतःच आत ओढला जातो, त्यामुळे ड्रमला पायाचा जोर कमी लागतो. हा फायदा डिस्कला नाही. ड्रमचा खरा तोटा उष्णतेचा: लांब घाट उतरताना ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो आणि पेडल खाली खाली जायला लागतं.

एक आगाऊ सल्ला. तुमची गाडी सिंगल सर्किट मास्टर सिलिंडरची (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा तो) असेल, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले, तर डिस्कचे पैसे आधी दुहेरी सर्किटमध्ये घाला.

दुसरी वाट, जुन्याच ॲक्सलवर डिस्क. किटमध्ये कंस, कॅलिपर (पॅड दाबणारा चिमटा), डिस्क असतात आणि शनिवार-रविवारात बसतंही. पण काम तिथे संपत नाही. ड्रमच्या लाइनमध्ये सुमारे 10 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब अडकवून ठेवणारा व्हॉल्व असतो. तो तसाच राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि चाकं तापतात. डिस्कला साधारण 2 पीएसआयचा चालतो. कॅलिपरचा पिस्टन मोठा, म्हणून ऑइल जास्त लागतं आणि पेडल लांब जातं. मोठ्या बोअरचा मास्टर सिलिंडर लावला तर पेडल आखूड होतं पण पाय जड पडतो, मग पायाचा जोर वाढवणारा बूस्टर आठवतो. एका कामातून दुसरं निघत जातं ते असं. समतोलासाठी मागच्या लाइनवर दाब कमीजास्त करणारा व्हॉल्व लावतात. नाव काही असो, तो मागचा दाब फक्त कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. मोकळ्या रिकाम्या जागेत ब्रेक दाबून बघायचं: आधी पुढची चाकं जाम झाली पाहिजेत. मागची आधी झाली तर गाडी शेपूट पुढे आणते, आणि हा धोका जुन्या ड्रमपेक्षा चुकीच्या डिस्कमध्ये जास्त.

हँडब्रेकही बघून घ्या. कॅलिपरलाच केबल जोडलेली असते तिथे तरफेचा कोन आणि केबलचा ताण जुळेपर्यंत जीव नकोसा होतो. डिस्कच्या टोपीत छोटा वेगळा ड्रम असलेली रचना मला कितीतरी भरवशाची वाटते. आणि किट मागवण्याआधी रिम कॅलिपरवरून जातं का, ते मोजा. 13-14 इंची रिम अनेकदा अडतात.

आता ॲक्सल. तो कधी बदलायचा? इंजिन दुप्पट ताकदीचं बसवलं असेल, क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली गिअरची जोडी) ओरडत असेल आणि सुटे भाग मिळत नसतील, किंवा हाफशाफ्टचं टोक निमुळतं, त्यावर चावी (खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) आणि नटने धरलेला हब असेल तेव्हा. या जातीत नट जरा सैल राहिला की चावीचा खाचा रुंदावतो आणि तिथूनच तडा जातो. मागे अखंड ॲक्सल असलेल्या बहुतेक कारमध्ये हाफशाफ्ट चाक फिरवतोही आणि गाडीचं वजनही झेलतो. तुटला तर चाकच निघून जायची भीती.

तिसरी वाट म्हणूनच नव्या गाडीचा अख्खा ॲक्सल, त्याच्याच डिस्कसकट. ठरलेलं उदाहरण: 1960 च्या दशकातल्या मस्टँगखाली 1995 ते 2001 मधल्या फोर्ड एक्सप्लोररचा 8.8 इंची ॲक्सल (आकडा आतल्या क्राउन गिअरच्या व्यासाचा). डिस्क आहेत, हँडब्रेक तो टोपीतल्या ड्रमचा, पाच बोल्ट 4.5 इंचाच्या वर्तुळावर, म्हणजे व्ही-8 मस्टँगचाच नमुना. पण रुंदी जास्त. डावी नळी उजवीपेक्षा जवळपास 3 इंच लांब, म्हणून ती कापून दोन्हीकडे उजव्या बाजूचाच हाफशाफ्ट घालतात. कमानपाट्यांच्या बैठका मात्र गाडीचं वजन चाकांवर असताना, पिनियनचा कोन मोजूनच वेल्ड करा. कोन चुकला तर गाडी ठरावीक वेगाला थरथरत राहते आणि माणूस टायर बॅलन्स करत बसतो. रेशोही (ॲक्सलच्या गिअरचं प्रमाण) बदलेल: 4.11 चा 3.55 झाला तर जिथे इंजिन 3000 फेऱ्यांवर असायचं तिथे सुमारे 2590 वर येतं, आणि स्पीडोमीटर कमी वेग दाखवू लागतो.

चौथी वाट फोर्डच्या 9 इंची घराण्यातला नव्याने बनवलेला ॲक्सल. मूळ 1957 ते 1986 या काळात निघाला. डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटणारा मधला गिअर संच) पुढून अख्खं बाहेर येतं आणि पिनियनला तिसरं बेअरिंग आहे, म्हणून ताकद भरपूर. घर्षणात थोडी शक्ती जाते. हवी ती रुंदी मागवा, कापाकापी नाही. सगळ्यात महाग, आणि मूळ ताकदीच्या इंजिनमागे निव्वळ हौस.

मूळ इंजिन, रविवारची रपेट असेल तर मी ड्रमच नवे करीन. पावसात आणि घाटात रोज चालवत असाल, ॲक्सल धडधाकट असेल तर डिस्कचं किट, पण हायड्रॉलिक्सच्या कामासकट. ॲक्सल नाहीतरी उतरवणारच असाल तर जुन्या नळ्यांवर किट लावण्यात अर्थ नाही, डिस्कवालाच आणा. फक्त डिस्क आली म्हणजे तेलाची कटकट गेली असं धरू नका: जग्वार ई-टाइपच्या मागच्या डिस्क डिफरन्शियलला चिकटून आहेत, त्यांच्या उष्णतेने सील जळतात आणि तेल थेट डिस्कवर येतं.

आणि उतरवलेला ॲक्सल ड्रमसकट, केबलसकट तसाच जपून ठेवा. गाडी विकताना मूळ भाग मागणारं गिऱ्हाईक येतं, आणि नव्या ॲक्सलचा आवाज पटला नाही तर तोच परत चढवता येतो.