जुन्या रॉडची मूठ दुरुस्तीला देणार असाल तर

बाबांच्या मासे धरायच्या रॉडची मूठ बुचाची होती, मधे भोक असलेल्या चकत्या एकीला एक चिकटवून केलेली. रेवदंड्याच्या खाडीवर ते गरवायला जात, आणि अंगठा जिथे टेकतो तिथे बूच झिजून खळगा पडला होता. माझाही अंगठा त्यात नेमका बसायचा. बुडाशी दोन-तीन चकत्या सुटल्या होत्या, एवढंच. दिवाळीनंतर मी तो रॉड मुंबईतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिला.

त्याने मूठ बघितली आणि म्हणाला, "साहेब, हे आतून कुजलंय. सगळं काढायला लागेल. पोर्तुगालचं एक नंबर बूच टाकतो, नातवंडं वापरतील." साडेचार हजार सांगितले. तीन हजार आगाऊ दिले, बिल मागितलं नाही.

रॉड परत आला तेव्हा मूठ बघून हरखलो. लोण्यासारखा रंग, कुठे एक छिद्र नाही. मला तिथेच शंका यायला हवी होती. हे बूच म्हणजे एका ओकची साल (आपल्याकडे ज्याच्या पांढऱ्या फुलांच्या वेण्या करतात ते बुचाचं झाड वेगळं). साधारण २५ वर्षांच्या झाडाची साल पहिल्यांदा सोलतात, मग पोर्तुगालमध्ये दर ९ वर्षांनी. बाटलीला चालेल अशी साल तिसऱ्या सोलणीला मिळते, तोवर झाडाने चाळिशी ओलांडलेली असते. सालीला छिद्रं असतातच. उंची मालात ती कमी आणि बारीक असतात, म्हणूनच तो महाग. १३ इंचांची मूठ म्हणजे अर्ध्या इंचाच्या २६ चकत्या, आणि त्यांत एकही छिद्र नाही? बुचाचा भुसा गोंदात कालवून छिद्रं लिंपतात. बाटल्यांच्या बुचांनाही असं लिंपतात, पण तो माल त्याच नावाने आणि कमी भावाने विकला जातो. माझ्या बाबतीत तर लिंपण ही धाकटी फसवणूक निघाली.

मार्चमध्ये भरतीला जिताडा लागला. त्याने पहिली ओढ घेतली आणि मूठ हातातल्या हातात गरकन फिरली. तंगूस (गळाची दोरी) सैल पडला, मासा गेला. घरी येऊन मूठ ब्लेडने चिरली. वर जेमतेम दोन मिलिमीटर बुचाचा पापुद्रा, खाली काळा फोम. पापुद्र्याचा जोड एका सरळ रेषेत मुठीच्या खालच्या अंगाने लपवलेला होता. चकत्यांच्या रेषा म्हणून जे दिसत होतं ते नुसते वरवर ओढलेले चरे होते.

फोन केला तर म्हणे, "खाऱ्या पाण्यात असंच होतं." अजिबात होत नाही. बुचाच्या पेशी बंद असतात, पाणी सहजी आत शिरत नाही, म्हणून तर ते बाटलीच्या तोंडाला बसवतात. बाबांची मूठ त्याच खाडीत इतकी वर्षं टिकली होती. जुन्या चकत्या तरी द्या म्हटलं. "फेकल्या." साडेचार हजारांचं दुःख कधीच ओसरलं, या एका शब्दाचं नाही.

तुम्ही काम दिलंत तर चकत्या चिकटवण्याआधी सुट्या हातात घेऊन बघा. प्रत्येकीच्या दोन्ही तोंडांवर आणि भोकाच्या आतही छिद्रं दिसली पाहिजेत. ओलं फडकं फिरवा, लिंपलेली जागा वेगळ्या रंगाची उठून दिसते. तयार मूठ असेल तर लांबीत जाणारा जोड शोधा. दुरुस्तीवाला झाकल्या जागी तापलेली सुई टोचू देत असेल तर टोचा. बूच काळं पडतं, फोम वितळून सुईला चिकटतो. आणि जुनं बूच, कितीही खराब झालंय असं सांगितलं तरी, पिशवीत भरून परत मागा.

नंतर एका जाणत्या रॉडवाल्याला मी बाबांच्या मुठीचा जुना फोटो दाखवला. कुजलेलं काहीच नव्हतं. छिद्रांत मळ आणि माशांचं तेल बसून ती काळी झाली होती. साबणाच्या पाण्याने धुऊन, सुटलेल्या चकत्या पुन्हा चिकटवल्या असत्या की झालं असतं.