हिलस्ट्रीम लोचच्या नावाखाली ५०,७४८ रुपयांना टोपी

५०,७४८ रुपये. आकडा आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे कुणी "साधारण किती गेले?" असं दबक्या आवाजात विचारायला नको. यूपीआयने गेले, मीच पिन टाकला, आणि गेले ते माशांपायी. ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या.

पद्धत तुम्हाला पाठ असेल. आधी थोडा खरा माल, मग मोठी रक्कम, मग "परत मिळणारं" डिपॉझिट, मग ते परत करायला क्यूआर कोड. कुत्र्याची पिल्लं विकणारे आणि जुनं फर्निचर घेणारे भामटे हेच करतात. अशा बातम्या वाचून "लोक इतके कसे फसतात" म्हणणाऱ्यांतली मी. पण मला मासे विकणारा हा माणूस बक्षिसं आणि लॉटरीचं बोलत नव्हता. तो पाण्याच्या ओढीचं बोलत होता, तेही अगदी बरोबर.

मला ओढ्यासारखी टाकी करायची होती. चार बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे साधारण २५० लिटर. त्यात सेवेलिया लिनिओलाटा, म्हणजे हिलस्ट्रीम लोचचीच एक जात. व्हिएतनाममधल्या खळाळत्या ओढ्यांतला हा चपटा मासा छातीच्या आणि पोटाच्या परांची चकती करून दगडाला धरून बसतो. संथ टाकीत तो झुरतो. तासाला टाकीच्या दहा-पंधरा पट पाणी फिरायला हवं, आणि तेही एकाच दिशेने. त्यासाठी वाळूखालून पीव्हीसी पाइप टाकायचे. एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला स्पंज. पंप वरून पाणी लांब फेकतो, ते स्पंजातून पाइपात शिरतं आणि खालून पुन्हा पंपाकडे येतं. याला मॅनिफोल्ड म्हणतात. बहुतेक लोक स्वतःच पाइप कापून बनवतात. याच्याकडे तयार किट होतं, दोन पंप धरून १४,६०० रुपये.

किट आलं, आणि चांगलं आलं. पाइप नीट कापलेले, सांधे सोल्युशनने न चिकटवता नुसते दाबून बसवलेले, कारण सफाईला उघडावे लागतात. एवढं ज्याला कळतं तो चोर असेल असं तुम्हाला तरी वाटलं असतं का? दोन्ही पंपांवर "१५०० लिटर/तास" अशी चकचकीत चिठ्ठी होती. जोर कमी वाटला म्हणून विचारलं, तर म्हणाला, "ताई, पंप नवीन आहे, आठवडाभरात मोकळा होईल." सगळं होऊन गेल्यावर मी २० लिटरची बादली लावली. भरायला दोन मिनिटं. म्हणजे तासाला ६०० लिटर. मग नखाने चिठ्ठी खरवडली, तर खाली प्लास्टिकवरच कोरलेलं होतं: ६००. पंप घरी आला की पहिल्यांदा बादली लावा, विक्रेत्याशी नंतर बोला.

मग मासे. बारा नग, प्रत्येकी १,१५०, म्हणजे १३,८००. ऑक्सिजन पॅकिंग आणि विमानाचं पार्सल वेगळं, २,३५०. मी आंधळेपणाने पैसे टाकले नाहीत, हे इथे ठासून सांगते. माझं नाव लिहिलेली चिठ्ठी काचेला चिकटवून व्हिडिओ पाठवा म्हटलं. त्याने पाठवला. चिठ्ठी होती, नाव माझंच होतं, काचेवर सेवेलियाही होते.

आणि त्यांच्या मागे व्हॅलिस्नेरिया हा पाणवनस्पतीचा प्रकार होता. त्याची पानं रिबिनीसारखी लांब असतात. जिथे तासाला तीन हजार लिटर पाणी धावतं तिथे ती आडवी पडून लोळायला हवीत. इथे उभी. टोकसुद्धा हलत नव्हतं. पाण्यावरचा दिव्याचा उजेडही स्थिर. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल! मासे मोजले, पट्टे पाहिले, पर पाहिले आणि पान पाहिलंच नाही. नाही, पाहिलं. विचारलंसुद्धा. "शूटिंगपुरता पंप बंद केलाय ताई, नाहीतर मासे फोकसमध्ये येत नाहीत." आता सांगा, खायला घालताना आपण सगळेच पंप बंद करतो की नाही? पटण्यासारखंच होतं ते. तो व्हिडिओ कुठल्यातरी दुकानातल्या साध्या टाकीवर चिठ्ठी डकवून काढलेला असणार. त्या पानाने सगळं सांगितलं होतं, मी मात्र त्या माणसाचं ऐकलं. अजून रात्री आठवलं की जीभ चावते.

चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारं यंत्र, लागत नाही, तीस अंशांतही हे मासे मजेत राहतात, असंही तो म्हणाला होता. यांना वीस ते चोवीस अंश लागतात. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तिसाला साडेसात. हिलस्ट्रीमवाला असून जो तापमानाची फिकीर करत नाही, त्याच्याकडून साधा स्पंजही घेऊ नका. आणि जो "टाकी नवी असली तरी चालेल, आजच बुक करा" म्हणतो, त्याच्याकडूनही नाही. दगडांवर शेवाळाची साय धरायला बरेच आठवडे जातात, आणि हा मासा त्यावरच जगतो.

पैसे भरले आणि एअर वेबिलचा, म्हणजे विमानाच्या पार्सलच्या पावतीचा, फोटो आला. तिच्यावरचा नंबर अकरा आकडी असतो. पहिले तीन विमान कंपनीचे, पुढे सात आकडे, आणि शेवटचा आकडा म्हणजे त्या सातांच्या संख्येला सातने भागून उरलेली बाकी. माझ्या वेबिलचा शेवटचा आकडा नऊ होता. सातने भागून बाकी नऊ! हे मला नंतर कळलं. तुम्ही आधी बघा.

दुसऱ्या दिवशी "कार्गो ऑफिस"मधून फोन आला. जिवंत प्राण्यांचं तपासणी डिपॉझिट ९,९९९, डिलिव्हरीला परत. भरले. मग डिपॉझिट परत द्यायला क्यूआर आला, स्कॅन केला, पिन टाकला, आणखी ९,९९९ गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मला माहीत होतं हो. पण डोळ्यांसमोर पिशवीतले बारा मासे होते, आणि तो माणूस सारखा म्हणत होता, "लवकर करा मॅडम, ऑक्सिजन संपतोय."

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा, थांबू नका. व्यवहाराचे यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. तक्रार क्रमांक मिळाला, इथवर ठीक. पुढचा तमाशा पोलीस ठाण्यात. "मासे? मॅडम, खायचे का पाळायचे?" टेबलावरचे तिघं हसले. मग म्हणे आरोपी दुसऱ्या राज्यातला दिसतो, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते. तसं म्हटल्यावर "तुम्ही वकील आहात का?" नाही, मी गिऱ्हाईक आहे. मग आयटी कायद्याचा तपास निरीक्षकच करतात आणि निरीक्षक बंदोबस्तावर. मग निरीक्षक आले तर अर्ज सापडेना. पुन्हा अर्ज. त्यात वस्तूच्या रकान्यात हवालदारांनी "शोभेचे मासे, १२ किलो" लिहिलं. नग म्हटलं तर म्हणे आता खाडाखोड चालत नाही.

बँकेने तर दारातूनच वाटेला लावलं. व्यवहार तुमच्या संमतीचा, पिन तुमचा, नियमातलं संरक्षण अनधिकृत व्यवहारांना. बरं, ज्या खात्यात पैसे गेले ते कुणी उघडून दिलं? त्याचं केवायसी कुणी केलं? त्यावर "तक्रार पुढे पाठवली आहे." ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंत फी नाही, आपल्याच जिल्ह्यात दावा टाकता येतो, हे खरं. पण विरुद्ध पक्षाचा पत्ता लिहावा लागतो. पत्ता असता तर मी दावा टाकत बसले असते का?

एवढ्या खेट्यांनंतर त्या खात्यात १,३१२ रुपये गोठवल्याचं कळवलं आहे. ते सोडवायला न्यायालयाचा आदेश आणा म्हणतात. वकिलाला फी विचारली, पाच हजार.