फायरप्लेसमधून निघालेलं इंजिन आणि आमचं कव्हर

यंदा कॉलेजच्या वार्षिकांकाचा विषय ठरला 'आठवण' आणि कव्हर पडलं माझ्या गळ्यात. आता आठवण म्हटलं की सगळे तेच करतात, पिवळट कागद, टाईपरायटर, सुकलेलं फूल. मला स्वप्नात दिसतं तसलं काहीतरी हवं होतं, म्हणजे वस्तू ओळखीची पण भलत्याच जागी. दोन रात्री नुसतं स्क्रोल केलं, चित्रं भारी मिळतात पण कोणाचं, कधीचं, छापलं तर चालेल का, काही पत्ता नाही. मग आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो या म्युझियमची साईट उघडली, हा रिव्ह्यू तिचाच.

पैसे नाहीत, लॉगिन नाही. २०१८ मध्ये त्यांनी ५०,००० हून जास्त चित्रं सीसी झिरोखाली मोकळी केलीत, म्हणजे बिनधास्त घ्या, कापा, छापा. पब्लिक डोमेनचा, म्हणजे कॉपीराईट नसलेलीच चित्रं दाखवणारा फिल्टर तेवढा आधी लावा. मी नाही लावला, आणि थेट मॅग्रिट या बेल्जियन चित्रकाराच्या १९३८ च्या चित्राच्या प्रेमात पडले, ते फायरप्लेसमधून धूर सोडत बाहेर येणारं रेल्वे इंजिन! मॅग्रिट गेला १९६७ ला, कॉपीराईट अजून आहे, त्यामुळे चित्र बघायला मिळतं पण घेता येत नाही. अर्धा लेआऊट करून झाल्यावर हे लक्षात आलं, चूक माझीच.

मोकळ्या चित्रांतलं सोनं म्हणजे फ्रेंच चित्रकार ओदिलों रेदों (१८४०–१९१६). याचं कोळशाचं आणि लिथोग्राफचं (दगडावरून छापलेल्या चित्रांचं) काम बघाच, १८८२ च्या एका लिथोग्राफमध्ये फुग्याच्या जागी चक्क एक डोळा आकाशात चाललाय. आतल्या पानांना आम्ही हाच वापरला. फक्त एक, स्क्रीनवर तो काळा रंग जेवढा मखमली दिसतो तेवढा साध्या कागदावर येत नाही, आमचं पहिलं प्रूफ म्हणजे नुसता काळा ठिपका होता. शॅडो उजळवून परत काढलं तेव्हा कुठे डोळा दिसला. आणि फुल पेज ए-फोर हवं असेल तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, प्रत्येक फाईल एवढी मोठी असेलच असं नाही, आधी बघून घ्या.

पण खरं सांगू का, कव्हर सुचलं ते न घेता येणाऱ्या चित्रांवरूनच. जोसेफ कॉर्नेल नावाचा माणूस होता, चित्रकलेचं शिक्षण नाही, लाकडी खोक्यात जुने नकाशे, गोट्या, कागदातून कापलेली पोपटांची चित्रं, हॉटेलांच्या जाहिराती मांडायचा, पुढून काच. शिकागोकडे त्याची बरीच खोकी आहेत. तासभर नुसती बघत बसले, वस्तू कमी, रिकामी जागा जास्त, आणि एक तरी गोष्ट चुकीच्या मापाची. मग बुटाचा खोका घेतला, आत निळा कागद, बंद पडलेलं घड्याळ, एक किल्ली, आणि आजीच्या लहानपणीच्या फोटोची झेरॉक्स मुद्दाम घड्याळाहून बारकी. खिडकीच्या उजेडात मोबाईलवर फोटो काढला. तेच कव्हर.

सीसी झिरोला क्रेडिट द्यायची सक्ती नाही, तरी रेदोंचं नाव, साल, म्युझियम असं शेवटच्या पानावर टाकलंय. कॉर्नेलचंही नाव टाकलंय खाली, खोका माझा असला तरी.