जुन्या पिकअपची क्वचित लागणारी फोर व्हील ड्राइव्ह : १४ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझी पिकअप २० वर्षांहून जुनी आहे आणि तिला पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह आहे. म्हणजे एरवी गाडी मागच्या दोन चाकांवर चालते आणि गरज पडेल तेव्हाच लिव्हर ओढून पुढची चाके जोडावी लागतात. ही सोय शेवटची कधी वापरली, हे आधीच्या मालकाला आठवत नव्हते. गाडी ताब्यात आली तेव्हा लिव्हर जागचा हलत नव्हता, पुढच्या चाकांवरच्या हबची (चाक एक्सलला जोडणाऱ्या किंवा सोडणाऱ्या भागाची) चकती हाताने फिरत नव्हती आणि पुढच्या डिफरन्शियलमधले (दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यातले) ऑइल कोणत्या रंगाचे आहे हे पाहायचे धाडसही कोणी केले नव्हते. गेल्या १४ महिन्यांत ही यंत्रणा मी टप्प्याटप्प्याने चालू केली आणि दर महिन्याला वापरून चालू ठेवली. ज्यांच्या गाडीत हा लिव्हर वर्षानुवर्षे नुसता उभा आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

न वापरलेली वस्तू झिजत नाही, हा समज या यंत्रणेबाबत पूर्णपणे चुकीचा आहे, हे मला पहिल्याच महिन्यात पटले. हब सुटे असले की पुढचे डिफरन्शियल, त्याचे दोन्ही एक्सल शाफ्ट आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट (डिफरन्शियलपर्यंत जोर आणणारा लांब दांडा) हे सगळे उभे राहतात, कारण त्यांना फिरवणारे काहीच उरत नाही. डिफरन्शियलला ऑइलचा वेगळा पंप नसतो. त्यातला मोठा क्राउन गिअर ऑइलमध्ये बुडून फिरतो, ते वर उडवतो आणि त्याच उडालेल्या ऑइलवर वरचे दाते व बेअरिंग भिजलेले राहतात. फिरणे थांबले की ऑइल ओघळून तळाशी जाते, वरचा भाग उघडा पडतो आणि गार झालेल्या डब्यात ब्रीदरवाटे (हवा आत-बाहेर जाण्याच्या छिद्रातून) शिरलेली दमट हवा त्या उघड्या लोखंडावर ओल धरते. ऑइल सिलाची (ऑइल गळू न देणाऱ्या कड्याची) रबरी कडही महिनोन्महिने शाफ्टच्या एकाच जागेवर दाबून राहते आणि कडक होते. माझ्या गाडीतले बहुतेक बिघाड झिजेचे नव्हते; गंज, सुकलेले ग्रीस आणि पाणी यांचेच होते.

सर्वांत जास्त शिकायला मिळाले ते हब उघडताना. माझे हब हाताने फिरवायचे आहेत. बाहेरच्या झाकणाचे बोल्ट काढून झाकण अलगद ओढले, तेव्हा आतले ग्रीस मेणासारखे घट्ट आणि गडद तपकिरी झालेले दिसले, आणि चकती फिरवल्यावर जी दातेरी रिंग स्प्रिंगच्या जोरावर आत सरकायला हवी ती त्या मेणात रुतून बसली होती. सुटे भाग घासलेटात भिजवून जुन्या दात घासायच्या ब्रशने एकेक खाच साफ केली, पूर्ण वाळू दिले आणि पुन्हा जोडले. इथे माझ्या हातून एक चूक झाली: चाकाच्या बेअरिंगमध्ये भरतात तसे मी उजव्या हबमध्ये ग्रीस ठासून भरले. परिणाम असा झाला की चकती फिरून ‘लॉक’वर जाई, पण रिंग पूर्ण आत सरकत नसे आणि गाडी जोर घेऊ लागली की उजव्या चाकाकडून ‘कट कट’ असा आवाज येई. अर्धवट गुंतलेले दाते एकमेकांवरून घसरत होते. वेळीच उघडून जास्तीचे ग्रीस पुसून काढले आणि बोटाने पातळ थर तेवढा ठेवला. दात्यांच्या कडा किंचित चमकल्या होत्या, तुटल्या नव्हत्या. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी एक साधी परीक्षा घेतो. मागच्या चाकांना पाचर लावून पुढचे चाक जॅकवर उचलायचे, हब लॉक करायचा आणि चाक हाताने फिरवायचे. आतला एक्सल शाफ्ट चाकाबरोबर फिरला तर हब खरोखर लागला आहे, आणि हब सोडल्यावर शाफ्ट चाकाबरोबर ओढला जात नसेल तर तो खरोखर सुटला आहे.

ऑइल बदलताना एक नियम मी कधीही मोडणार नाही: ड्रेन बोल्टला हात लावण्यापूर्वी भरायचा बोल्ट उघडतो की नाही ते पाहावे. माझ्या पुढच्या डिफरन्शियलचा भरायचा बोल्ट गंजाने असा धरला होता की दोन दिवस गंज सोडवणारे तेल मारत राहावे लागले. आधी ऑइल काढून टाकले असते तर गाडी रिकाम्या डिफरन्शियलसह तिथेच अडकली असती. बाहेर आलेले ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखे होते, म्हणजे त्यात पाणी मिसळलेले होते. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी लेप होता, जो या वयाच्या गाडीत स्वाभाविक आहे. बोटांत चोळल्यावर टोचणारे तुकडे किंवा चकत्या मिळाल्या असत्या तर प्रकरण बेअरिंग किंवा दात्यांपर्यंत गेले असते. नवे ऑइल भरून सुमारे ५०० किलोमीटर चालवले आणि ते पुन्हा बदलले, कारण कोपऱ्यांत राहिलेले पाणी पहिल्या खेपेत निघत नाही. दुसऱ्या वेळचे ऑइल स्वच्छ निघाले.

कोणते ऑइल, या प्रश्नात घाई करू नये. डिफरन्शियलच्या हायपॉइड (एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या तिरक्या) दात्यांना जीएल-५ दर्जाचे गिअर ऑइल लागते. ट्रान्सफर केसचे (गिअरबॉक्सकडून आलेला जोर पुढच्या चाकांकडेही वळवणाऱ्या डब्याचे) तसे नाही: काही गाड्यांत तिथे गिअर ऑइल असते, काहींत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ तेल असते, आणि जिथे पितळी सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) आहेत तिथे जीएल-४ सांगितले असेल तर जीएल-५ भरू नये, कारण त्यातली काही रसायने पितळेला खातात. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिले आहे तेच भरावे.

पाणी आत गेले कुठून, याचे उत्तर ब्रीदरमध्ये सापडले. एक्सलवरचे ते करंगळीएवढे टोपण मातीने बंद झाले होते. ब्रीदर बंद असला की गरम झालेली आतली हवा ऑइल सिलांवर दाब देते, आणि तापलेला एक्सल अचानक पाण्यात उतरला की आतली हवा आकसून सिलांमधून पाणी ओढून घेते. मी ते टोपण काढून ऑइल सहन करणारी रबरी नळी बसवली आणि तिचे टोक इंजिनच्या कप्प्यात उंचावर नेऊन बांधले. एवढ्या थोड्या श्रमात एवढा फायदा देणारे दुसरे काम या गाडीत मी केलेले नाही.

लिव्हर न हलण्याचे कारण ट्रान्सफर केसच्या आत असेल अशी मला भीती होती, पण दोष बाहेरच्या जोडदांड्यांत निघाला. चिखल खरवडून, बुश साफ करून ग्रीस लावल्यावर तो मोकळा झाला. ज्या गाड्यांत हे काम व्हॅक्युम किंवा इलेक्ट्रिक मोटर करते, तिथे तडकलेल्या रबरी नळ्या आणि हिरवट गंज चढलेले वायरिंगचे जोड आधी पाहावेत.

आता दर महिन्याची पद्धत. आधी दोन्ही हब लॉक करतो, पण लिव्हर टू व्हीलवरच ठेवून नेहमीच्या रस्त्यावर १५-२० किलोमीटर चालवतो. यात पुढची चाकेच एक्सल, डिफरन्शियल आणि प्रोपेलर शाफ्ट फिरवतात, ऑइल सगळीकडे पोहोचते आणि ट्रान्सफर केस जोडलेली नसल्यामुळे कोरड्या डांबरावरही कसलाही ताण येत नाही. त्यानंतर मोकळ्या मातीच्या किंवा खडीच्या वाटेवर ४एच (चारही चाकांची नेहमीच्या वेगाची रेंज) लावून तीन-चार किलोमीटर, आणि मग गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून ४एल (चारही चाकांची मंद रेंज) लावतो व काहीशे मीटर सावकाश जातो. ४एलमध्ये वेग वाढवण्याचा मोह टाळावा. ती रेंज जोरासाठी आहे.

मातीचा आग्रह का, हे मला दुसऱ्या महिन्यात कळले. एका फरसबंद, कोरड्या आवारात मी ४एच लावून गाडी वळवली. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात, आणि माझ्या गाडीला पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधले डिफरन्शियल नसल्यामुळे हा फरक सामावून घ्यायला जागाच नसते. स्टिअरिंग जड झाले, टायर घासल्याचा आवाज आला, गाडी आखडत पुढे गेली आणि नंतर लिव्हर टू व्हीलवर येईना. गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घेतल्यावर अडकलेला ताण सुटला आणि लिव्हर सहज आला. बळजबरीने ओढला असता तर आतला गिअर सरकवणारा फोर्क वाकण्याची शक्यता होती. असाच ताण टायरांच्या फरकामुळे सरळ रस्त्यावरही साठतो; माझे पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले होते, म्हणून आता चारही एकाच मापाचे घेतले आहेत आणि ते आलटून-पालटून लावतो.

याच दिवशी प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना (कोनात फिरू देणाऱ्या सांध्यांना) आणि सरकत्या जोडाला निपलमधून ग्रीस देतो, आणि एक्सलच्या रबरी बूटांच्या घड्या बोटांनी उघडून चिरा पाहतो, कारण चीर घडीच्या तळाशी असते आणि वरून दिसत नाही. डाव्या बूटाला अशी एक बारीक चीर मिळाली. ग्रीस बाहेर पडण्याआधी बूट बदलल्यामुळे जोड वाचला.

या सगळ्याला महिन्याला साधारण अर्धा दिवस लागतो, आणि तो मला योग्य वाटतो. गेल्या महिन्यात भरलेल्या गाडीनिशी ओल्या, चिकट मातीच्या चढावर मागची चाके जागीच फिरू लागली. मी खाली उतरून हब फिरवले, लिव्हर पहिल्याच प्रयत्नात लागला, फोर व्हीलचा दिवा पेटला आणि गाडी न घसरता वर गेली. खाली आल्यावर पाहिले तर पुढच्या पिनियनच्या (क्राउन गिअरला फिरवणाऱ्या लहान गिअरच्या) सिलाखाली ऑइलचा ताजा थेंब होता. वर्षानुवर्षे एका जागी बसलेले ते सील आता फिरत्या शाफ्टवर टिकत नाही. नवे सील आणून ठेवले आहे, आणि ते बसवताना पिनियनच्या नटाची मूळ जागा खुणेने नोंदवून ठेवणार आहे, म्हणजे बेअरिंगवरचा ताण बदलणार नाही.