गॅसभट्टीचा ‘फुल सेट’ : १८,५०० रुपयांत काय निघालं

जाहिरात अशी होती: ‘होम गॅस फोर्ज, फुल सेट, नाद खुळा क्वालिटी’. किंमत १८,५०० रुपये. निम्मे आगाऊ, उरलेले पार्सल सुटण्याआधी. फोटोतली भट्टी आतून पिवळीधमक तापलेली. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या पोरानं लोहारकामाच्या हौसेपोटी सेट मागवला. पहिल्याच दिवशी भट्टीतून करपट वासाचा धूर निघाला. विक्रेत्याला विचारल्यावर उत्तर आलं, “भावा, पहिल्यांदा धूर येणारच, भट्टी सीझन व्हायला लागली.” तिसऱ्या दिवशी छताचं अस्तर खाली बसलं आणि चौथ्या दिवसापासून फोन बंद.

तो सेट उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये सुटा करून, वजन करून पाहिला. दुःख याचं की कोल्हापूरशेजारच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत रोज लोखंडाचा रस होतो. भट्टीचं अस्तर, कॅस्टेबल (पाण्यात कालवून लावायचा, आग सोसणारा मसाला), विटा पुरवणारे इथेच बसतात. त्या गावातल्या माणसानं हा माल कुरिअरनं मागवावा!

आधी ‘सीझन’बद्दल. खऱ्या कॅस्टेबलमधून पहिल्या तापवणीला पाणी निघतं हे खरं, पण ती वाफ असते. पांढरी, बिनवासाची, आणि थंड पत्रा वर धरला तर थेंब जमतात. करपट, डोळ्याला झोंबणारा धूर म्हणजे अस्तरातला डिंक जळतोय. सिरॅमिक ब्लँकेटमध्ये (आग सोसणाऱ्या तंतूंच्या गादीत) डिंक नसतो, ग्लासवूलमध्ये (काचेच्या तंतूंच्या कापसात) असतो. इथे तेच होतं. भट्टीच्या तोंडाशी दोन इंच खरं पांढरं ब्लँकेट, फोटोत आणि हाताला लागेल तेवढंच. आत पिवळं ग्लासवूल, आणि ते दिसू नये म्हणून वरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर. पोलाद ठोकायला ११०० ते १२५० अंश लागतात. ग्लासवूल त्याच्या निम्म्या वाटेवरच मऊ पडून बसतं. प्लास्टरमधलं पाणी दीडशे-पावणेदोनशे अंशांपर्यंत निघून जातं, मग राहतो तो खडू. नखानं ओरखडून बघा: प्लास्टर पांढरं आणि गुळगुळीत, लगेच भुकटी सुटते. वाळलेला कॅस्टेबल खरखरीत असतो, त्याच्यावर नखच झिजतं.

ब्लँकेट ओळखायचा सगळ्यात सोपा उपाय वजनकाटा. भट्टीला लागतं ते २५ मिमी जाडीचं, १२८ घनतेचं, म्हणजे घनमीटरला १२८ किलो. हिशेबानं एक फूट बाय एक फुटाचा तुकडा ३०० ग्रॅमच्या आसपास भरतो. ९६ घनतेचा असेल तर सव्वादोनशेच्या जवळ, ६४ चा दीडशे. किराणा दुकानातल्या काट्यावरही ही चोरी पकडता येते. दुसरी परीक्षा आगीची: चिमूटभर तंतू सांडशीत धरून ब्लोटॉर्चखाली न्यायचे. सिरॅमिक लाल होऊन पुन्हा पांढरं होतं आणि आकार सोडत नाही, काचेचे तंतू आक्रसून मणी होतात. नुसत्या पांढऱ्या रंगावर जाऊ नका, डिंक नसलेली पांढरी काचेची मॅटही बाजारात मिळते.

या भट्टीचा आतला व्यास २५० मिमी आणि लांबी ३०० मिमी. ५० मिमी अस्तर लावल्यावर आत १५० मिमीची पोकळी उरते, म्हणजे ५.३ लिटर. दोन थर आणि मागची भिंत धरून अर्धा चौरस मीटर ब्लँकेट लागतं, त्याचं वजन १.६ किलो व्हायला हवं. उकरून काढलेलं सगळं अस्तर प्लास्टर झटकून तोललं तर अर्धा किलोही भरलं नाही.

आकड्यांचा आणखी एक खेळ होतो. ब्लँकेटच्या खोक्यावर ‘१२६०’ लिहिलेलं असतं ती अंशांतली वर्गवारी आहे, रोज तेवढ्यावर चालवायची मुभा नव्हे. सतत वापर त्याच्या बराच खाली ठेवावा लागतो, म्हणून आतला थर १४२५ चा घेतलेला बरा. ब्लँकेट उघडं ठेवायचं नाही. आधी कोलॉइडल सिलिका फवारून कडक करायचं, मग १० मिमी कॅस्टेबलचा थर. ब्लँकेटचे तंतू फुप्फुसात जातात, आणि खूप तापून गेलेल्या ब्लँकेटमध्ये क्रिस्टोबलाइट (स्फटिकी सिलिका) तयार होतं, ते तर जास्तच वाईट. जुनं अस्तर काढताना पाणी मारून, एन-९५ मास्क लावूनच हात घाला. कॅस्टेबल एक दिवस ओलसर ठेवायचा, मग सावकाश वाळवायचा. इथल्या जुलैत त्याला आठवडा लागला तरी घाई करू नका, आत पाणी राहिलं तर तापवताना पापुद्रे उडतात. तळाला मात्र जास्त ॲल्युमिनाची वीट हवी, कारण जोडकामाला टाकलेला टाकणखार ब्लँकेट साखरेसारखं विरघळवतो.

आता बर्नर. पाऊण इंची पाइपचा एक बर्नर साधारण साडेपाच लिटर पोकळीला पुरतो, म्हणजे या भट्टीला एकच बास. सेटमध्ये पाइप बरोबर होता. जेट (गॅस सुटायचं तोंड) मात्र पितळी टोपणाला हातड्रिलनं पाडलेलं २ मिमीचं भोक, तेही मधोमध नाही. गॅसची धार पाइपच्या मध्यातून सरळ गेली तरच ती मागून हवा ओढते. भिंतीला घासली की हवा कमी पडते, ज्योत पिवळी, काजळी आणि आत कार्बन मोनॉक्साइड. पाऊण इंचीला ०.८ मिमी तारेचं मिग वेल्डिंगचं टिप लावतात, त्याचं भोक १ मिमीच्या जवळपास असतं आणि नेमकं मधोमध. वेल्डिंगच्या कुठल्याही दुकानात थोडक्या पैशांत मिळतं. २ मिमी भोकाचं क्षेत्रफळ याच्या चौपट. १ बार दाबाला १ मिमीतून तासाला किलो-सव्वा किलो गॅस जातो, २ मिमीतून चार-पाच किलो. एवढा उपसा केला की टाकी बाहेरून घामेजते, मग बर्फ धरते, दाब पडतो आणि ज्योत मागे पाइपात शिरते.

पण या सेटमध्ये १ बार मिळणारच नव्हता. सोबत दिलेला रेग्युलेटर घरच्या शेगडीचा होता. तो ३० मिलिबारच्या आसपास दाब देतो, हवा ओढणारा बर्नर त्याच्यावर चालत नाही. लागतो तो ० ते २ बारचा, फिरवून दाब बदलता येणारा, मीटरसह आणि आयएसआय शिक्क्याचा. नळीही त्या दाबाची, तार गुंफलेली. टाकी १९ किलोची व्यावसायिक. घरगुती १४.२ किलोची टाकी स्वयंपाकाशिवाय वापरणं कायद्यानं चालत नाही. ‘टाकी कापून भट्टीचं कवच करा’ असा सल्लाही या विक्रेत्यानं फुकट दिला होता. टाकी तेल कंपनीची मालमत्ता असते, आणि रिकामी वाटणारी टाकी कापताना जीव जातो. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, तो जमिनीलगत साचतो, म्हणून भट्टी उघड्यावर आणि प्रत्येक सांधा साबणाच्या फेसानं तपासलेला.

बर्नरच्या तोंडाला जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) रिड्यूसर, म्हणजे पाइपचा व्यास बदलणारा सांधा होता, हा सगळ्यात नीच प्रकार. जस्त ९०७ अंशांना उकळतं. आगीत राहणाऱ्या रिड्यूसरवरचा जस्ताचा मुलामा पांढरा धूर होऊन उडतो आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. तिथे स्टेनलेसच हवं.

याच विक्रेत्याकडून ६,००० ला ‘फोर्ज्ड स्टील’ ऐरणही घेतली होती. ती बिडाची (ओतीव लोखंडाची) निघाली. बेअरिंगचा छर्रा दहा इंचावरून सोडा. चांगल्या पोलादी ऐरणीवर तो सात-आठ इंच उसळतो, या ऐरणीवर चारही नाही. ग्राइंडर टेकवल्यावर बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर पडतात, पोलादाच्या लांब आणि उजळ. बिडाच्या कडा घणाखाली टवके टाकून तुटतात. सुरुवातीला ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) चा १०० मिमी व्यासाचा, ३०० मिमी लांबीचा गोल ठोकळा लाकडी ओंडक्यात उभा पुरला तरी भागतं, तो १८.५ किलो भरतो. भंगारात रुळाचा तुकडा दाखवतील. पावती नसेल तर तो हातात घेऊ नका, बेकायदा रेल्वेमाल बाळगण्यावर १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे.

‘हाय कार्बन’ म्हणून दिलेल्या पट्ट्या साध्या एमएसच्या (माइल्ड स्टील, कमी कार्बनचं मऊ पोलाद). पातळ तुकडा चुंबक चिकटायचा थांबतो त्याच्या थोडा वर तापवून पाण्यात बुडवा आणि वाइसमध्ये धरून ठोका. गाडीच्या कमानपाट्याचं पोलाद काचेसारखं तुटतं, एमएस वाकतं.

पैशांकडे येऊ. इथे यूपीआयवर दिसलेलं नाव दुकानाच्या नावाशी जुळत नव्हतं, आणि बिलाऐवजी ‘एस्टिमेट’ आलं होतं. तिथेच थांबायला हवं होतं. जीएसटी क्रमांक १५ अंक-अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो, आणि पोर्टलवर टाकला की नाव दिसतं. पैसे घेऊन माणूस गायब झाला तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी. माल आला पण खोटा निघाला तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे विक्रेता कुठलाही असो, तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची.

तक्रारीला पत्ता लागतो, आणि असल्या विक्रेत्याचा पत्ता बहुतेक वेळा कुरिअरच्या चिठ्ठीवरच असतो, म्हणून खोकं फाडून टाकू नका. विक्रेत्यानं जाहिरात काढून टाकण्याआधी तिचे फोटो घ्या, अस्तराचा फूटभर तुकडा काट्यावर ठेवून फोटो काढा, आणि तो तुकडा पिशवीत बांधून जपून ठेवा.