क्विल्टेड मॅट आणि रनर: हाताने, मशीनवर की तयार कापडातून?

क्विल्टेड म्हणजे वरचं कापड, मधलं भरण आणि खालचं कापड असे तीन थर एकत्र धरून शिवलेलं. सहा माणसांच्या जेवणाच्या टेबलासाठी ताटाखालच्या मॅटचा संच आणि मधोमध रनर, म्हणजे लांब पट्टी, शिवायचा ठरला की सगळे आधी प्रिंट निवडायला धावतात. त्याआधी एक करा. मॅटच्या मापाचा कागद कापून त्यावर घरातलं ताट ठेवून बघा. मॅटचं रुळलेलं माप १८ × १३ इंच आणि ताट साधारण १२ इंचांचं. म्हणजे वर-खाली अर्धा-अर्धा इंच आणि डावी-उजवीकडे तीन-तीन इंचांची पट्टी, एवढंच दिसणार. मधला देखणा बुट्टा वरणभाताखाली जाणार. रनरचं नेमकं उलट: तो दिवसभर उघडा असतो, डोळा त्याच्यावरच जातो आणि धुलाई मात्र मॅटच्या मानाने फारच कमी.

म्हणून दोन्ही एकाच पद्धतीने शिवायचा हट्ट धरू नये. आमचा कौल आधीच सांगतो: मॅट मशीनवर, रनर हाताने. तयार क्विल्टेड कापडाचा उपयोग आहे, पण मर्यादित. कारणं खाली.

हाताचा धावदोरा

गोधडीचा टाका तोच, फक्त माप बारीक. गोधडीला दाभण चालतो, इथे तो कापडाला भोकं पाडेल. सात ते नऊ नंबरची सुई घ्या. इंचाला पाच-सहा टाके, दोन ओळींत अर्धा इंच अंतर.

वेळेचा हिशेब कागदावर मांडून बघा. एका मॅटवर अर्ध्या-अर्ध्या इंचाने लांबीच्या २५ ओळी बसतात. १८ इंच गुणिले २५, म्हणजे ४५० इंच शिलाई. सरावलेला हात मिनिटाला तीन इंच गेला तरी अडीच तास. सहा मॅटचे पंधरा. १४ × ७६ इंचाच्या रनरला तशाच २७ ओळी घेतल्या तर दोन हजार इंचांच्या वर, म्हणजे अकरा-साडेअकरा तास. दोन्ही मिळून हाताने करायला निघालेले बरेच संच तिसऱ्या मॅटला कपाटात जातात.

भरतकामाची लडी आठ मीटरची, सहा पदरी असते. तीन पदर घेतले तर सोळा मीटर मिळतात आणि एका मॅटला एक लडी पुरते. रनरला पाच धरा. त्याच्या लड्या एकदमच घ्या. नंतर त्याच नंबरचा रंगही दुसऱ्या रंगणीतला निघाला तर छटा किंचित वेगळी दिसते, आणि नेमकी रनरच्या मध्यावर दिसते.

चुका दोनच होतात, पण हमखास. एक, दोरा ओढला जातो. ओळ संपली की कापड बोटांनी सपाट करून दोरा सैल सोडायचा आणि मगच गाठ. दोन, कडेपासून चौकोनी फेरे घेत आत जाणं. गोधडीला ते शोभतं. मॅटमध्ये सगळा जास्तीचा झोळ मध्यावर गोळा होतो आणि तिथे फुगा येतो. त्या फुग्यावर आमटीची वाटी ठेवली की ती डुलते. मधल्या ओळीपासून सुरुवात करा आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जा.

मशीन

घरातली काळी मशीन यासाठी उत्तम. चौदा नंबरची सुई, टाका तीन ते साडेतीन मिलिमीटरचा, दोरा सुती. बारीक टाका लावला तर तीन थर आवळले जातात आणि मॅट पुठ्ठ्यासारखा कडक होतो.

खरी अडचण वेगळीच आहे. मशीनचे खालचे दात फक्त खालचं कापड पुढे ढकलतात, वरचं कापड फूटाखाली (कापड दाबून धरणाऱ्या पायाखाली) अडकून मागे राहतं. ओळीच्या शेवटी वर चुणी जमते ती यामुळे; तो हाताचा दोष नसतो. उपाय वॉकिंग फूटचा. त्याला स्वतःचे दात असतात, त्यामुळे वरचं कापडही सोबत चालतं. घेताना आपल्या मशीनच्या दांड्याची उंची दाखवूनच घ्या. भलत्या उंचीचा फूट सुईच्या रेषेत बसत नाही. वॉकिंग फूट नसेल तर फूटाच्या दांड्यावरचा दाबाचा स्क्रू थोडा सैल करा आणि दर चार इंचांवर सेफ्टी पिन लावा. पिना लावताना कंटाळा केला की तो शिवताना दिसतो.

शेजारच्या दोन ओळी उलट दिशांनी शिवू नका. एक ओळ वरून खाली, पुढची खालून वर गेली की दोन्हींमधलं कापड तिरपं ओढलं जातं आणि इस्त्रीनेही न जाणाऱ्या तिरक्या लाटा पडतात. दर वेळी दोरा कापून त्याच बाजूने सुरुवात करायची. खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी पडत असेल तर बॉबिनला दोष देण्याआधी वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलाय का बघा. ओवताना फूट वर उचललेला नसेल तर तो बसतच नाही.

एवढं जमलं की सहा मॅट एका सुट्टीच्या दिवसात होतात. रोजच्या धुण्यालाही ही शिलाई टिकते. हाताच्या टाक्यात अंगठी किंवा चमच्याचं टोक अडकून दोरा उपसला जाऊ शकतो, मशीनचा टाका कापडात घट्ट बसलेला असतो.

तयार क्विल्टेड कापड

मीटरवर मिळतं, कापून कडेला गोट (दुमडून शिवायची पट्टी) लावला की काम संपलं. पण घेण्याआधी उलट बाजू बघा. बऱ्याच कापडांवर साखळी टाका असतो. कापला की एक टोक ओढून पूर्ण ओळ उसवते. म्हणून कापायच्या रेषेच्या आत पाव इंचाहून कमी अंतरावर चौफेर शिलाई मारा आणि मगच कात्री लावा. काही कापडांत दोराच नसतो, नुसते ठिपके दाबून थर चिकटवलेले असतात. हे कापड कृत्रिम धाग्याचं. धुऊन ठिपके सुटले की ते परत शिवण्यात अर्थ नाही.

गोट लावायचा हात बसवायला मात्र याच्याइतकं स्वस्त सरावाचं कापड नाही. समारंभाला वीस-तीस नग हवे असतील तरी हेच बरं.

आत काय भरायचं

इथे आमचं मत ठाम आहे: टेबलावर फायबर नको. दुकानात हात लावला की ते मऊसूत वाटतं, पण त्याच्या जाडीवर पेला स्थिर राहत नाही, आणि इस्त्री किंवा गरम भांड्याने तेवढा भाग कायमचा चपटा होतो.

शिलाईच्या ओळींत दोन इंचांपेक्षा जास्त अंतर असलं की पिंजलेला कापूस धुण्यात गोळा होतो. जुना जाड टॉवेल शोषतो छान, पण गोटाच्या कोपऱ्यात इतका जाड होतो की सुई मोडते. उरतात तीन चांगले पर्याय: फलालीन, दोसुती, किंवा वापरून मऊ झालेल्या सुती साडीचे दोन थर. साडी शंभरदा धुतलेली असल्यामुळे पुन्हा आटत नाही, हा तिचा मोठा गुण. फलालीन आणि दोसुती आधी भिजवून वाळवावीच लागते. हाताने शिवणार असाल तर साडीच घ्या, सुई लोण्यात जावी तशी जाते. तरीही मॅट म्हणजे गरम कुकरखालची चकती नव्हे. तेवढी वेगळी ठेवा.

नक्षी कुठून घ्यायची

इंदूरला बसून यासाठी दूर जायला नको. इथून साधारण नव्वद किलोमीटरवर महेश्वर आहे आणि महेश्वरी साडीचे काठ मॅटच्या त्या तीन इंची पट्टीसाठीच केल्यासारखे वाटतात. चटाई, लहर, ईंट, हीरा ही काठांची नावंच सांगतात की या नक्ष्या सरळ रेषेच्या आहेत. किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडी कोरीवकामाशी त्यांचं नातं सांगितलं जातं. पुढे नर्मदा, म्हणून लहर. ईंट आणि चटाई मशीनवर सहज उतरतात. लहर वळणाची, ती हाताला द्या. एक सावधगिरी: अस्सल महेश्वरीत ताणा, म्हणजे उभा धागा, रेशमाचा असतो. ती निसरडी आणि कडेने झपाट्याने उसवते. जुन्या साडीचा काठच लावायचा तर रनरच्या टोकांना लावा, रोज धुतल्या जाणाऱ्या मॅटला नको.

बाग प्रिंट धार जिल्ह्यातलं. तुरटीवर येणारा लाल आणि लोखंडाच्या गंजाचा काळा, पुढे धावड्याच्या फुलांसोबत उकळलेलं. म्हणून रंग पक्का, आणि हळदीचा डाग त्या लालात तसा लपतोही. पोहे-जलेबीच्या गावात हा गुण लहान नाही. मृगनयनीत, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या हस्तकलेच्या दुकानात, मीटरवर बघायला मिळतं. पहिल्या एक-दोन धुण्यांत जादाचा रंग निघतो, तेव्हा शिवण्याआधी वेगळं धुवा. भैरवगडचं, म्हणजे उज्जैनचं बाटिक देखणं आहे, पण त्यात मेणाचा अंश राहिलेला असला तर इस्त्रीखाली तेलकट डाग उमटतो. आधी जुन्या वर्तमानपत्रात ठेवून गरम इस्त्री फिरवा, कागद मेण शोषून घेतो.

इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्याकडे नक्षी म्हणून बघायचं असेल तर खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे, हा फरकच रनरला पुरेसा आहे: मधे सपाट मोठे तुकडे, टोकांना बारीक उभ्या पट्ट्या. जुन्या घरांतल्या नक्षीदार फरशा हा आणखी एक खजिना. चार फरश्यांचा कोपरा जिथे जुळतो त्याचा फोटो घ्या, एकट्या फरशीचा नको. पूर्ण आकृती तिथेच दिसते. तुकडे मात्र दोन इंचांपेक्षा लहान करू नका. प्रत्येक जोडाखाली शिवणीची कड असते आणि असे जोड दाटले की पेल्याखाली खडबड लागते. इंदूरच्या काच मंदिरातल्या चकाकत्या काचतुकड्यांचा मोह इथेच आवरायचा. सिंधी घरांतली रल्ली, म्हणजे तुकडे जोडून केलेली गोधडी, बघा. तिथे चौकोन-त्रिकोण मोठे असतात आणि धावदोरा मुक्त, रनरसाठी त्याहून चांगला धडा नाही.

मॅटसाठी सगळ्यात जवळची नक्षी आपल्याच पंगतीतली आहे. ताटाभोवतीची रांगोळी, महिरप. ती ताटाच्या बाहेरच असते, म्हणजे झाकली जाण्याचा प्रश्नच नाही. ठिपक्यांची रांगोळीही मोलाची: अर्ध्या इंचाची जाळी आखली की तीच शिलाईची आखणी. गडद कापडावर झिजलेल्या साबणाच्या चिपेने आखा, धुण्यात निघून जाते. पिठोऱ्याचे, म्हणजे आदिवासी घरांच्या भिंतीवरच्या चित्रांतले, घोडे ताटाखाली घेऊ नयेत असं आम्हाला वाटतं. ते पूजेचं चित्र आहे.

कापड किती आणि कापायचं कसं

मॅटचा वरचा तुकडा १९ × १४ इंच कापा, खालचा आणि भरण २० × १५. शिलाई झाल्यावर १८ × १३ वर छाटायचं, आधी नाही. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात सहा मॅटच्या वरच्या थराला सव्वा मीटर आणि खालच्या थराला सव्वा मीटर लागतं. दुकानदार मीटरभरात बसवून देईल, बसतंही, पण धुऊन चार टक्के आटलं की शेवटचा मॅट निघत नाही. बुट्ट्याला वर-खाली असेल तर मॅटची लांब बाजू पन्ह्याच्या दिशेने ठेवा, नाही तर फुलं आडवी झोपतात.

रनरची रुंदी टेबलाच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त, आणि दोन्ही टोकांना आठ इंच लोंबता. ६० × ३६ इंचांच्या टेबलाला १४ × ७६. जोड नको असेल तर सव्वादोन मीटर घ्या. धुऊन, पंधरा इंचांचा रनर कापून, बाजूला साधारण २७ इंच रुंदीची लांब पट्टी उरते. तिच्यातून अडीच इंची नऊ उभ्या पट्ट्या काढल्या की सहा मॅट आणि रनर, सगळ्यांचा गोट निघतो. उरेब, म्हणजे तिरकी पट्टी, कापायची गरज नाही. ती गोल कडेला लागते, सरळ कडेला ताणली जाऊन मॅट वाकडा करते. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट घाऊकीचं, थान घ्यायचं असेल तर तिकडे. एवढ्या मापाला शीतलामाता बाजार पुरतो.

गोट दुमडून दुहेरी लावा आणि कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबा. सुई वर, पट्टी तिरकी वर दुमडा, मग सरळ खाली, आणि कडेपासून पुन्हा सुरू. पाव इंच न सोडता कडेपर्यंत शिवलं तर कोपरा उलटतच नाही, गोल आणि फुगीर राहतो. पट्ट्यांचे जोड तिरके द्या. मागची बाजू तुरपाईने.

सगळं कापण्याआधी तीनही थरांचा दहा इंची चौकोन ठरवलेल्या शिलाईने शिवा, धुवा, वाळवा आणि मोजा. साडेनऊ भरला तर मॅट १९ × १३¾ वर छाटावा लागेल, म्हणजे वरचा तुकडा २० × १४¾, खालचा २१ × १५¾ कापायला हवा आणि खालच्या थराला सव्वाऐवजी दीड मीटर लागेल. त्याच चौकोनावर हळदीचा एक थेंब टाका. साबण लागताच तो लाल होईल, घाबरू नका. ओला असतानाच उन्हात टाका आणि संध्याकाळी डाग किती उतरला ते बघून खालच्या थराचा रंग ठरवा.