दाराला गेट की ट्रॉल्यांना लॉक?

मूल रांगायला लागलं की स्वयंपाकघराचं काय करायचं, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. मी ऐरोलीत, जुन्या सिडको वसाहतीत राहते. स्वयंपाकघर चिंचोळं, पण त्याला चौकट आहे. धाकटी जाऊ घोडबंदर रोडला टॉवरमध्ये. तिचं ओपन किचन, हॉल कुठे संपला ते टाइल्सचा रंग बदलतो म्हणून कळायचं. मी दारात मुलाला अडवणारं बुटकं गेट लावलं, तिने ट्रॉल्यांना मुलाच्या हाताने न उघडणारे लॉक. वर्षभर दोन्ही पाहून माझं मत झालंय ते असं: चौकट असेल तर आधी गेट, बाकीचं मागून.

ट्रॉलीत जे असतं त्याहून जास्त धोका ओट्यावर आणि जमिनीवर असतो. वरणाचं पातेलं उतरवून सिंककडे नेतानाची ती चार पावलं, मांडून बसलेली विळी, ओट्याच्या कडेला विसरलेला चहा. चहा गाळून पंधरा मिनिटं झाली तरी लहान मुलाची कातडी त्याने भाजू शकते. यातल्या कशाला लॉक लावणार? जावेने मागची शेगडी वापरायची, पातेल्याचा दांडा भिंतीकडे वळवायचा अशी शिस्त लावून घेतली आहे, आणि ती पाळतेही. पण कुकरची शिट्टी, दारावरची बेल आणि फोन एकदम वाजले की कसली शिस्त!

गॅसच्या बटणांचंही तसंच. तिच्याकडे बटणांवर प्लास्टिकची झाकणं आहेत आणि स्वयंपाक झाला की पाइपलाइनचा कॉक बंद. सिलिंडर असेल तर रेग्युलेटर बंद करायचाच, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो आणि रांगणारं मूल तिथेच असतं. पाइपचा गॅस हलका, वर जातो.

आता गेटची खोड. भिंतीला भोक न पाडता दाबून बसणाऱ्या गेटला खाली आडवी पट्टी असते. आमच्या सासूबाई ताकाचं भांडं घेऊन येताना तिलाच अडखळल्या. ताक सांडलं, त्या सावरल्या. हातात आमटी असती तर? त्या दिवशीच पट्टीला लाल टेप लावली. घरात वयस्कर माणसं असतील तर स्क्रूने बसणारं, खाली पट्टी नसलेलं गेट घ्या. भाड्याच्या घरात मात्र घरमालकाला विचारूनच ड्रिल. गेट एका हाताने उघडतंय ना, हेही बघून घ्या, नाहीतर घरातले ते ओलांडूनच जातात. आणि मूल दोनेक वर्षांचं होऊन चढायला लागलं की गेट काढायचं. वरून पडलं तर जास्त लागतं.

लॉक स्वस्त, ही त्यांची खरी जमेची बाजू. गेटला दोन-चार हजार सहज जातात, चिकटवायचे पट्टीवाले लॉक काही शेकड्यांत. पण फोडणीचा तेलकट थर आणि आपला पावसाळा, दोन्ही त्या गोंदाचे वैरी. जावेचे दोन लॉक जुलैतच हातात आले. लावण्याआधी पृष्ठभाग स्पिरिटने पुसून, चोवीस तास ट्रॉली न उघडता ठेवली तर टिकतात. चुंबकाचे लॉक भक्कम, आणि बाहेरून दिसतही नाहीत. फक्त ते प्लायच्या दारांना जमतात, स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्यांना नाही. त्याची चुंबकी किल्ली फ्रिजवर चिकटवून ठेवा. जावेने ती एकदा मसाल्याच्या डब्यात ठेवली होती आणि डबा लॉकच्या आत!

सिंकखालचं नळी साफ करायचं ॲसिड, फिनेल, कीटकनाशक यांच्यावर मात्र माझा ना गेटवर भरवसा, ना लॉकवर. ते वरच्या कपाटात, मूळ बाटलीतच. कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवायची सवय असेल तर आजच मोडा.

एवढं करूनही भाजलंच, तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. हळद, टूथपेस्ट, बर्फ यातलं काही नको. मोठा भाग भाजला किंवा चेहऱ्यावर आलं, तर १०८.

तुमचं किचन ओपन असेल तर गेटचा हट्ट धरू नका, इतकं रुंद गेट महाग पडतं आणि घरभर मिरवतं. सिंकखाली आणि सुऱ्यांच्या ट्रॉलीला चुंबकाचा लॉक लावा, आणि स्वयंपाकाच्या वेळी मुलाला खुर्चीत किंवा कुणाच्या तरी कडेवर ठेवा. चौकट असेल तर गेट मागवा, पण आधी रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीनदा मोजा. आमच्याकडे खालच्या टाइल्सच्या पट्टीमुळे दीड सेंटीमीटर कमी भरलं आणि पहिलं गेट परत पाठवावं लागलं.